सिलिकॉनची नळी खाली ठेव

तुझे फोटो पाहिले. एकात कॅम्परच्या छतावरचा एसी, दुसऱ्यात त्याच्या बुडाभोवती चारही बाजूंनी थापलेलं पांढरं सिलिकॉन, तिसऱ्यात ओल्या छतावर उभे असलेले तुझे पाय आणि पायांत बाथरूमच्या स्लिपर. खाली तुझी ओळ: ‘सर, सगळीकडून पॅक केलं तरी पाणी थांबत नाही, उलट वाढलंय.’ वाढेल नाही तर काय होईल? पाणी आत येण्याची वाट तू बुजवलीच नाहीस, बाहेर जाण्याची बुजवलीस.

एखाद्या नवख्याला मी हे गोडीगुलाबीनं सांगितलं असतं. तू रेफ्रिजरेशनच्या ट्रेडला माझ्यापुढे बसलेला मुलगा. पुढे शिकत शिकत ह्यूस्टनला पोचलास, घर केलंस, आता सुट्टी मिळाली की कॅम्पर ओढत गॅल्व्हस्टनच्या किनाऱ्यावर जातोस. आनंद आहे. पण गळती दिसली की पाना उचलण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न तू विसरलास, आणि त्याला माझ्याकडे माफी नाही. केव्हा गळतं? एसी चालू असताना, बंद केल्यावर, पाऊस पडताना, की पाऊस पडून गेल्यावर? याचं उत्तर हाती नसताना वर चढण्याचा तुला अधिकारच नव्हता.

तुझ्यापेक्षा सूनबाई शहाणी. तुझ्याच मेसेजच्या शेवटी तिनं जोडलेलं वाक्य आहे: ‘पाऊस नसतानाही पडतं, आणि पहाटे एसी बंद केला की थोड्या वेळानं जास्तच पडतं.’ निम्मं निदान या एका वाक्यात झालं आहे. ते समोर असूनही तू शिडी लावलीस आणि पावसाचं पाणी अडवायला निघालास! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक बॅचला एक गोष्ट सांगायचो. तेव्हा तू बहुतेक खिडकीबाहेर बघत असशील, म्हणून पुन्हा सांगतो. १९०२ साली विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरनं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी एक यंत्रणा आखली. छापखान्याची तक्रार उकाड्याची नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग जागचे सरकायचे. थंड कॉइलवरून हवा न्यायची आणि तिच्यातलं पाणी काढून टाकायचं, यासाठी ती यंत्रणा होती. आजच्या एसीचा वंश तिथून सुरू होतो. तेव्हा एसीतून पाणी निघालं म्हणून घाबरायचं काही कारण नाही. त्याचं ते कामच आहे.

आता तुझ्या छतावरच्या यंत्राचा हिशेब कर. ते १३,५०० बीटीयूचं आहे, म्हणजे एक टनाहून थोडं जास्त, सुमारे चार किलोवॉट. गल्फच्या किनाऱ्यावरची ऑगस्टमधली हवा धर. यंत्राची ३० टक्के ताकद जरी वाफेचं पाणी करण्यात खर्ची पडली, तरी ताशी पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी होतं. आठ तासांची झोप काढलीत तर बादली भरते. ही बादली रोज रात्री कुठं रिकामी होत असेल, हा प्रश्न सिलिकॉनची नळी दाबताना तुला पडला नाही?

घरातल्या स्प्लिट एसीचं पाणी न्यायला नळी असते. कॅम्परच्या बहुतेक एसींना ती नसते. एअरस्ट्रीमसारख्या काही गाड्यांत ती भिंतीतून खाली उतरवलेली असते, पण मग तिच्या तोंडाशी कुंभारीण माशी मातीचं घर बांधते आणि पाणी तुंबतं. ती वेगळी डोकेदुखी, तुझी नव्हे. तुझ्या यंत्रात इव्हॅपोरेटर कॉइलखाली एक उथळ तबक आहे. त्यात साठलेलं पाणी भोकांतून बेसपॅनमध्ये उतरतं, बेसपॅनच्या भोकांतून सरळ छतावर पडतं आणि छताच्या उतारानं कडेला जाऊन जमिनीवर ठिबकतं. म्हणजे यंत्राच्या बुडाखाली पाणी असणारच, हे बनवणाऱ्यानं धरूनच चाललेलं आहे. छताला १४ इंच चौरस भोक, त्या भोकाभोवती फोमचं जाड गॅस्केट, गॅस्केटवर यंत्राचं वजन, आणि आतून चार लांब बोल्टांनी दिलेला ताण. पाण्याला आत येऊ न देणारी राखण एवढीच, आणि ती पुरते. मॅन्युअलमध्ये बसवण्याची सगळी कृती दिलेली असते. तीत बेसपॅनच्या कडेला सिलिकॉन थापा असं कुठं वाचलंस?

तू बेसपॅनची बाहेरची कड छताला चिकटवून टाकलीस. गॅस्केट आणि तुझा तो पांढरा बांध यांच्यामध्ये पाण्याला कोंडून ठेवलंस. जायला जागा नाही म्हटल्यावर ते बेसपॅनमध्ये परत चढलं, मधल्या तोंडाची उभी कड ओलांडली आणि थेट तुमच्या पलंगावर आलं. आधी थेंब होते, आता धार लागली, हे तुझंच कर्तृत्व.

ही खोड कुठली ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे पावसाळा तोंडावर आला की पत्र्याच्या भोकावर डांबर, स्लॅबच्या भेगेवर वॉटरप्रूफिंग, आणि तेही नाही जमलं तर ताडपत्री. ओल दिसली की वरून काहीतरी फासायचं, हे बालपणापासून अंगात मुरलेलं. स्लॅबवर ते एक वेळ चालतं, कारण स्लॅबवर फक्त वरून पाणी येतं. तुझ्या छतावर पाणी तयार करणारं यंत्रच बसलेलं आहे.

आणि फासलंस तेही काय? तुझ्या कॅम्परचं छत ईपीडीएम रबराचं आहे. सिलिकॉन त्याला धड चिकटत नाही, आणि मागं जो तेलकट अंश राहतो त्यावर नंतर योग्य सीलंटही धरत नाही. व्हेंट, अँटेना, पुढचा जोड, यांच्यासाठी रबरी छताचं वेगळं लॅप सीलंट मिळतं. ते त्या त्या जागी ठीक, एसीच्या बुडाशी तेही नको. आता हे सिलिकॉन काढायला पेट्रोल किंवा थिनर घेऊन वर जाण्याचा बेत असेल तर आत्ताच सोडून दे. पेट्रोलियमच्या द्रावकांनी ईपीडीएम फुगतं आणि मग अख्खं छतच बदलावं लागेल. प्लास्टिकच्या पट्टीनं, हळूहळू, गुडघे दुखेपर्यंत खरवडत बस. शिक्षा समज.

पुढचा पराक्रम बोल्टांचा. ‘इम्पॅक्ट ड्रायव्हरनं चारही फुल टाइट केले’ असं तू अभिमानानं लिहिलं आहेस. लाकडी पलंग जोडत होतास का? या बोल्टांना ४० ते ५० इंच-पाउंड टॉर्क लागतो, न्यूटन-मीटरमध्ये पाचच्या आसपास. मनगटाच्या जोरावर होणारं काम आहे. एक इंच जाडीचं गॅस्केट दबून सुमारे अर्धा इंच व्हायला हवं. त्याहून जास्त दाबलंस तर फोम मरतो, पुन्हा उठत नाही, आणि बेसपॅनचा पत्रा वाकून त्यात पाणी साठायला नवीन खड्डा तयार होतो. सैल ठेवणंही तितकंच वाईट, हे खरं. कॅम्पर रस्त्यावर हादरे खातो, गॅस्केट वर्षागणिक बसतं, बोल्ट ढिले होतात, म्हणून वर्षातून एकदा ते तपासायचे असतात. पण तपासणं म्हणजे आधी मोजणं. आतली ग्रिल काढ, टॉर्च धर, चारही कोपऱ्यांत गॅस्केटची जाडी फूटपट्टीनं मोज. अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल तर समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळ. आधीच अर्धा इंच असून पावसाचं पाणी आत येत असेल, तर आवळून काही होणार नाही. ते गॅस्केट संपलं, नवं टाक. यंत्र चाळीस किलोच्या घरातलं आहे, एकट्यानं उचलू नकोस. आणि नव्या गॅस्केटवर ते सरकवत आणू नकोस, फोम फाटतो. दोघांनी उचलायचं आणि नेमकं वर ठेवायचं.

कॅम्पर विकणाऱ्याला तू खोटारडा ठरवून मोकळा झालास. ‘ॲरिझोनात एक थेंब कधी गळला नाही’ असं तो म्हणाला, म्हणून तो लबाड. अरे, तो खरंच बोलत असणार! टक्सनच्या जूनमधल्या कोरड्या हवेत पाणी आहेच किती? तिथं कॉइलवर जेमतेम दव धरतं. त्याच्या यंत्राचं तबक वाळवंटातल्या धुळीनं आणि पालापाचोळ्यानं कधीच बुजलेलं असेल, तिथल्या उन्हानं गॅस्केटही कडक झालेलं असेल; पण परीक्षा पाहायला पाणीच नव्हतं. ते यंत्र तू गल्फच्या दमट हवेत आणून ठेवलंस आणि पहिल्याच रात्री सगळं उघडं पडलं. हवामान बदललं की यंत्राची दुखणी बदलतात, हे मुंबई आणि जळगावच्या एसींवरून मी तुम्हाला शिकवलं होतं.

आता सूनबाईच्या वाक्याचा दुसरा भाग. बंद केल्यावर जास्त पडतं. यावर तुझा निष्कर्ष काय? ‘गॅस कमी असेल.’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आपल्याकडच्या प्रत्येक गल्लीतला मेकॅनिक दार उघडताच हेच म्हणतो, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून गॅस काढून घेतो. तुझ्या छतावरचं यंत्र कारखान्यातून सीलबंद होऊन येतं, बहुतेकांना गॅस भरायला साधा व्हॉल्व्हही नसतो. शिवाय तू ज्या देशात राहतोस तिथं रेफ्रिजरंटला हात लावायला स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ खालचा परवाना लागतो. गॅस हा शेवटचा संशय. आधी फिल्टर काढून बघ. मला पैजेवर सांगता येईल की तो बुरशीनं आणि केसांनी भरलेला आहे.

हवा कमी गेली की कॉइल गोठते. फिल्टर बुजलेला, कॉइलच्या फिन्स वाकलेल्या, पंखा ‘लो’वर आणि थर्मोस्टॅट तळाला, दमट रात्री एवढं पुरे. कॉइलवर बर्फाचा थर चढतो, त्यातून हवा आणखी कमी जाते, आत उकडतं, तुम्ही थर्मोस्टॅट आणखी खाली ओढता. पहाटे एसी बंद केलात की रात्रभराचा बर्फ एकदम वितळतो आणि बुजलेल्या तबकाला तो लोंढा पेलत नाही. एवढं साधं आहे ते. आज रात्री तीन-चार तास एसी चालू ठेव, मग फिल्टर काढून टॉर्चनं वर बघ. कॉइल पांढरी दिसली तर तुला उत्तर मिळालं. दमट हवेत पंखा ‘हाय’वर ठेवायचा, आणि फिल्टर दर पंधरवड्याला साबणाच्या पाण्यानं धुवायचा. छताला भोकं पाडण्याआधी माणसानं फिल्टर धुवावा, एवढी माझी माफक अपेक्षा.

फिल्टर स्वच्छ करूनही बर्फ धरत असेल तर छतातल्या पेटीत बघ. तिथं थंड हवा खाली सोडणारा आणि खोलीतली हवा वर ओढणारा, असे दोन कप्पे शेजारी शेजारी आहेत. मधला पडदा सैल झाला की थंड हवा खोलीत न येता तशीच परत वर ओढली जाते, कॉइल आणखी थंड होते आणि गोठते. कितीतरी गाड्यांत हा पडदा पहिल्यापासूनच अर्धवट चिकटवलेला निघतो. फटींना ॲल्युमिनियम फॉइलची टेप लाव. कापडी डक्ट टेप लावशील तर पुढच्या उन्हाळ्यात ती लोंबकळताना दिसेल. तिथं फट असली की आणखी एक गंमत होते: छताच्या पोकळीतली दमट हवा आत ओढली जाते, थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं आणि ग्रिलच्या कडेनं ठिबकतं. ही गळती नव्हेच, पत्र्याला सुटलेला घाम आहे. त्यासाठी वर चढायचंही कारण नाही.

हे सगळं करण्याआधी कॅम्पर सपाट उभा आहे का ते बघ. तुझ्या आणखी एका फोटोत क्षितिज तिरकं दिसतंय. आधी मला वाटलं तू फोन वाकडा धरलास, मग लक्षात आलं की टेबलावरचा चहाही कपात एका बाजूला कललेला आहे. नाक वर करून गाडी उभी केलीस तर तबकातलं पाणी भोकाच्या उलट बाजूला साठेल आणि कड ओलांडून आत येईल. स्पिरिट लेव्हल घे. दोन फळ्या चाकाखाली घातल्यानं मिटणाऱ्या गळतीसाठी लोकांनी अख्खे एसी बदललेले आहेत.

छताचीही तपासणी कर, पण ती छत कोरडं असताना आणि पायात रबरी तळाचे बूट असताना. अमेरिकेतले बहुतेक कॅम्पर इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात, आणि ओढायला हलके हवेत म्हणून छताखालची लाकडं बारीक असतात. त्यावर चाळीस किलो वर्षानुवर्षं हिंदकळलं की एसीभोवती छत बशीसारखं खोलगट होतं. मग पाऊस थांबल्यावरही तिथं पाणी साचून राहतं, आणि उत्तमातलं उत्तम गॅस्केटही सतत पाण्यात बुडून टिकत नाही. तसं असेल तर आतून आधार देऊन छत उचलावं लागेल. आधी भोकाच्या कडेचं लाकूड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं टोचून बघ. टोक सहज आत गेलं तर काम थांबव आणि छत दुरुस्त करणारा माणूस बोलाव. कुजलेल्या लाकडावर नवं गॅस्केट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

तबक साफ करायला वरचं प्लास्टिकचं झाकण काढावं लागेल. त्याआधी ३० अँपिअरची केबल खांबावरून उपटून काढ, नुसता ब्रेकर पाडून समाधान मानू नकोस. जनरेटर बंद, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. झाकणाखाली कपॅसिटर आहेत. केबल काढल्यावरही ते साठा धरून बसतात. रेझिस्टर लावून ते रिकामे कसे करायचे हे तुझ्याकडून मी स्वतः करून घेतलं आहे, तेव्हा ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर चालणार नाही. मग इव्हॅपोरेटरवरचा पत्रा उघड, गाळ हातानं काढ, भोकं मऊ तारेनं मोकळी कर, कॉइल मऊ ब्रशनं आणि सौम्य कॉइल क्लीनरनं धू, वाकलेल्या फिन्स कंगव्यानं सरळ कर. प्रेशर वॉशर नको. फिन्स झोपतील आणि मी पुन्हा बोलेन.

नंतर मगभर पाणी हळूहळू तबकात ओत आणि ते कुठून बाहेर पडतं ते बघ. छतावर, गॅस्केटच्या बाहेर पडलं तर वाट मोकळी झाली. आत पडलं तर तबकाला तडा आहे किंवा ते जागेवर बसलेलं नाही.

एवढं करूनही पावसात पाणी आलंच, तर मग पावसाचा पाठलाग कर. एसी बंद ठेव, सूनबाईला टॉर्च देऊन आत उभी कर. तिचं निरीक्षण तुझ्यापेक्षा बरं आहे. होजनं छताच्या खालच्या बाजूकडून सुरुवात कर. आधी फक्त गॅस्केटच्या पातळीला, दहा-पंधरा मिनिटं. कोरडं राहिलं तर पुढे सरक: नळाचा व्हेंट, पंख्याचं झाकण, अँटेना, पुढचा जोड. पाणी जिथं शिरतं तिथं ते पडत नाही. छताच्या पोकळीतून लाकडाच्या आधारानं लांबवर चालत येतं आणि पहिलं मोठं भोक सापडलं की खाली उतरतं. तुझ्या गाडीत ते भोक एसीचं आहे, म्हणून सगळा दोष एसीच्या माथी. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याआधी चोर शोध.

शनिवारी हे काम कर आणि रविवारी मला फोन कर, भारतातली वेळ बघून. फोनवर मला चारच गोष्टी हव्यात: चारही कोपऱ्यांतली गॅस्केटची जाडी, ग्रिलमधून बाहेर येणाऱ्या आणि फिल्टरकडे जाणाऱ्या हवेचं तापमान, त्यात साधारण ९ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक असायला हवा, कोरड्या दिवशी एसी सुरू केल्यापासून किती वेळानं पहिला थेंब पडला, आणि तबकातून काय काय निघालं. हे आकडे माझ्यापर्यंत पोचल्याशिवाय नवं गॅस्केट मागवू नकोस, नवा एसी तर नाहीच नाही.